इच्छेचे मोल

मुलांच्या अद्भुतकथांवर एक जुना आरोप आहे : त्या मुलाला पळपुटा करतात. आरोप करणारे बहुधा शहाणेसुरते लोक असतात, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाने १९७९ साली ‘न संपणारी गोष्ट’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली आणि हा आरोप जणू आधी मान्यच करून टाकला. आई वारलेला, वर्गात टिंगलीचा विषय झालेला बास्टियन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक ग्रंथ चोरतो, शाळेच्या माळ्यावर लपून वाचीत बसतो आणि शेवटी त्या ग्रंथातच शिरतो. मुद्देमालासकट पळपुटा सापडला म्हणायचा!

पण आतल्या राज्यात त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते, आणि प्रत्येक इच्छेपोटी आपल्या जगातली एकेक आठवण जाते. तो देखणा होतो, आणि आपण कधी बेढब होतो हेच विसरतो. पुढे त्याला एक नगर लागते. तेथे त्याच्यासारखीच पूर्वी आलेली माणसे राहतात. त्यांच्या आठवणी संपल्या, म्हणून इच्छाही संपल्या. ती नुसती अक्षरांचे फासे टाकीत बसतात; कधीमधी एखादा शब्द जुळतो.

आठवणीवाचून इच्छा का करता येऊ नये? मला वाटते, इच्छा म्हणजे नसलेपणाची आठवणच. काय नव्हते हेच जो विसरला, तो मागणार तरी काय? वासना जिंकावी असे ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना एंडेचे उत्तर चमत्कारिक वाटते. तो बास्टियनला इच्छा सोडायला सांगत नाही. एकीमागून एक करीत खऱ्या इच्छेपर्यंत जायला लावतो. ती इच्छा कोणावर तरी माया करता यावी, एवढीच असते. आणि तिच्यापायी आईबापांचीही आठवण जाते! मग माणसांच्या विसरलेल्या स्वप्नांच्या खाणीत, काळोखात, तो दिवसचे दिवस चित्रे खणतो. एक सापडते : बर्फात गोठलेला, पांढऱ्या डगल्यातला, हाती दातांची कवळी घेतलेला माणूस. हा आपला बाप, हे त्याला कळत नाही. पण जीव तुटतो.

१९८४ च्या चित्रपटाने कादंबरीचा पूर्वार्धच घेतला. खाणावळीत जेवून बिल यायच्या आत उठावे तसा. एंडे संतापून कोर्टात गेला आणि हरला.

परतल्यावर बास्टियन चोरीची कबुली द्यायला दुकानात जातो. म्हातारा दुकानदार म्हणतो, असे पुस्तक माझ्याकडे कधी नव्हतेच. तोही कधीकाळी तिकडे जाऊन आलेला असतो.