इच्छा नसतानाचा नेम

गेल्या मार्गशीर्षातील एकादशीची गोष्ट. भवानी पेठेत एका भाविकाच्या घरी कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून आपापल्या घरी गेली. एक गृहस्थ मात्र खांबाला टेकून बसूनच राहिले. उभे आयुष्य यंत्रमागावर काढलेला माणूस. वर्षापूर्वी मागावर असतानाच छातीत कळ आली. दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी हृदयाची तुंबलेली वाहिनी मोकळी करून जाळी बसवली, प्राण वाचले. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पांडुरंगाला शब्द दिला होता की तंबाखू बंद, तळलेले बंद, रोज पहाटे चालणार. तीन महिने शब्द पाळला. मग एके दिवशी कुणीतरी मळलेली चिमूट पुढे केली, आणि हात आपोआप पुढे गेला.

ते मला म्हणाले, "महाराज, खाटेवर हुतो तवा मरणाची भीती हुती. तिनंच समदं करून घेतलं. आता बरं वाटतंय, भीती गेली. मग आता कशाच्या जोरावर चालू?"

मी त्यांना "नाम घ्या" एवढे सांगून मोकळा झालो. परंतु घरी येताना ते उत्तर माझे मलाच पुरेना. नाम घ्यावे हे खरेच. पण पहाटे अंथरुणातून उठवेना ही ज्याची अडचण आहे, त्याला नाम घ्यायला तरी कोण उठवणार?

चाणक्यनीतीत तीन ठिकाणी होणाऱ्या बुद्धीची एकत्र गणना केली आहे: धर्मकथा ऐकताना होणारी, स्मशानात होणारी आणि रोग्याला होणारी. ही बुद्धी कायम टिकती तर कोणाला बंधन उरले असते, असा त्याचा आशय. यात आम्हा कीर्तनकारांनाही चिमटा आहे हे सुज्ञांच्या ध्यानात येईलच. आमच्या कथेने झालेले वैराग्य पुष्कळदा देवळाबाहेरच्या चपला सापडेपर्यंतच टिकते!

मला वाटते, भीती गेली यात त्या गृहस्थांचा काही अपराध नाही. देह बरा झाला की भीतीने जावे, हीच ईश्वराची योजना आहे. अष्टौप्रहर मरण डोळ्यांपुढे ठेवून कोणाला माग चालवता येईल, की लेकरू खेळवता येईल? घरची माणसे मात्र काय करतात, तर "आठवतंय ना दवाखाना?" म्हणून गेलेली भीती पुन्हा बोलावू पाहतात. चार दिवस ती येते, आणि पाचव्या दिवशी माणूस चोरून तंबाखू खाऊ लागतो.

आपली समजूत अशी की आधी मनात इच्छा उपजावी आणि मग हातून कृती व्हावी. इच्छा येत नाही तोवर आपण वाट पाहत बसतो. तुकोबांचे चरित्र याच्या उलट सांगते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे द्रव्य गेले, मान गेला, एक पत्नी अन्नावाचून गेली. एवढा आघात झाल्यावर एका रात्रीत सगळे पालटले असेल असे आपल्याला वाटते. पण आपल्या आत्मचरित्रपर अभंगात ते स्वतः कबूल करतात की आरंभी एकादशीला कीर्तन करीत असत, तेव्हा चित्ताला त्याचा अभ्यास नव्हता. संतांची काही वचने आदराने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरले. म्हणजे चित्त मागून आले, एकादशी आधी आली. जिथे तुकोबांचे चित्त पहिल्या दिवशी आले नाही, तिथे आपल्या यंत्रमागवाल्याचे यावे असा हट्ट का?

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, अखंडपणा आणि सत्कार. दीर्घ काळ सर्वांना कळतो. अडखळतो तो दुसऱ्या दोहोंपाशी.

अखंडपणाचे घ्या. एक चिमूट खाल्ली आणि मन म्हणाले, "मोडलाच नेम, आता कशाला!" त्या चिमटीपेक्षा हे बोलणे घातक. 2020 आणि 2021 साली महामारीमुळे पालख्यांतील पादुका एसटी बसने पंढरीस गेल्या. लाखो वारकऱ्यांची पायी वारी घडली नाही. म्हणून 2022 साली कोणी "परंपरा तुटली, आता जाणे नाही" असे म्हटले काय? पाऊल पुन्हा उचलले. कोणी म्हणेल, तो खंड सक्तीचा होता आणि हा स्वतःच्या हाताने पाडलेला. मान्य आहे. पण परतण्याची वाट दोघांना एकच.

सत्कार म्हणजे आदर, आणि पथ्यात नेमका हाच नसतो. बिनमिठाची भाजी तोंड वाकडे करून गिळायची, गोळी शिक्षा म्हणून घ्यायची. ज्या कामाचा रोज अपमान करतो, ते काम आपल्या घरी किती दिवस राहील? तीच भाकरी नैवेद्य दाखवून खावी, तेच चालणे छोटी वारी समजून चालावे. आणि वारी म्हटली की दिंडी आलीच, एकट्याचे ते काम नव्हे. तंबाखूसुद्धा एकट्याची नसते बघा. हातावर ठेवणारा कोणीतरी असतो. सोडायची तरी सोबत हवी. औषधे मात्र बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबवू नयेत, त्यात डॉक्टरांचाच शब्द प्रमाण.

आपल्यातलेच काही म्हणतात, "देह नाशिवंत, त्याचे एवढे चोचले कशाला?" हे वाक्य मी बहुधा साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी ताटली हातात असताना ऐकले आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी! गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारला आहे. देह नाशिवंत खराच; पण आळंदीहून पंढरीला याच पायांनी जायचे आहे. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून निरंकार उपास धरू नये. पांडुरंग काही रागावत नाही.

असो. माघ वारीहून परतल्यावर ते गृहस्थ पुन्हा भेटले. शेजारच्या एकाबरोबर रोज पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जाऊन येतात. तंबाखू तीनदा सुटली आणि तीनदा लागली, आता चौथ्यांदा सोडली आहे. मी विचारले, "मग आता पहाटे उठायची इच्छा होते का?"

"इच्छा कुठली महाराज," ते म्हणाले, "ती अजून येत न्हाई. साडेपाचला शेजारी कडी वाजवतोय, म्हणून उठतो."