मदतनीसाचे नाव

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी पेढे घेऊन घरी आली. देवरुखच्या एस. टी. स्टँडपासून आमच्या अंगणापर्यंत पावसाने तिची पाठ सोडली नव्हती. छत्री ओसरीच्या कडेला उभी करून, ओढणीने पेढ्यांचा पुडा पुसत ती म्हणाली, "सर, माझं जमलं."

घरातल्या बायकामंडळींनी एकदम माना वर केल्या. 'जमलं' या शब्दाचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. पण हे जमणे निराळे होते. युरोपातल्या एका विद्यापीठात तिला वर्षभरासाठी इंग्रजीची भाषा-सहाय्यक म्हणून नेमले होते. जिला पहिलीत मी पाटीवर अक्षर गिरवायला लावले, ती आता विमानाने जाऊन गोऱ्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवणार! माझ्याजवळ मॅट्रिकच्या दाखल्यापलीकडे कागद नाही. मला आनंद झाला, आणि थोडा गर्वही झाला, हे कबूल करतो.

पण चहाचा कप हातात घेतल्यावर मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "सर, वर्ग तिथल्या प्राध्यापकांचा. पुस्तक त्यांनी निवडलेलं. गुण तेच देणार. मी दहा-बारा जणांना घेऊन बसायचं, त्यांना बोलतं करायचं, उच्चार सुधारायचे, निबंधातल्या चुका दाखवायच्या. आणि इंग्रजी तरी माझी कुठं? मग त्यात माझं असं काय राहणार?"

मास्तरकीच्या धंद्यात एक दोष आहे. प्रश्न आला की उत्तर तोंडात तयार असते. मी म्हणालो, "आपण आपलं काम नीट करावं. नाव कुणाचं का होईना!"

ती पाया पडून गेली. "छान बोललात हो," असे घरातून प्रशस्तिपत्रही मिळाले. पण त्या रात्री मला काही केल्या झोप येईना. आपण बोललो ते वाक्य सुंदर होते, पण खरे होते का?

अशी कामे आता पुष्कळ तरुण मुलामुलींच्या वाट्याला येतात. फ्रान्समधल्या सरकारी शाळांत बाहेरदेशांहून इंग्रजीचे सहाय्यक जातात. आठवड्याला 12 तास, 7 महिने. अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेत तर मोठी मौज आहे. आपल्याकडचे इंग्रजीचे तरुण शिक्षक 9 महिने तिकडच्या विद्यापीठांत जातात आणि तिथे हिंदी, उर्दू, बंगाली शिकवतात. इंग्रजी शिकवणाऱ्याला आपल्या घरची भाषा शिकवण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागते!

योजना नव्या असल्या तरी मदतनीस जुनाच आहे. मराठीतून इंग्रजीत अर्थ देणारा तो थोरला कोश 1831 मध्ये निघाला. आपण त्याला 'मोल्सवर्थचा कोश' म्हणतो, आणि मोल्सवर्थसाहेबाचे कष्ट पाहता ते योग्यच आहे. पण त्याच्या भोवती शास्त्रीपंडितांची मंडळी बसलेली होती. शब्द त्यांच्या तोंडचे, अर्थाच्या छटा त्यांनी उलगडलेल्या. त्यांतल्या एकाचे तरी नाव आपल्याला चटकन सांगता येईल का? मला येत नाही. कोश मात्र हाताशी असतो.

त्या रात्री विचार करता करता मला आठवण झाली धर्मानंद कोसंबींची.

गोव्यातल्या साखवाळ गावी 1876 मध्ये जन्मलेला हा माणूस. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. बुद्धाचा धर्म मुळातून समजावून घ्यायचा, या एका ध्यासाने त्यांनी 1899 मध्ये घर सोडले. पुण्याला गेले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ पाहिला, सिलोनात 1902 मध्ये श्रामणेर झाले आणि पाली शिकले. पुढे कलकत्त्याला शिकवण्याची चांगल्या पगाराची जागा मिळाली, तीही त्यांनी सोडली. महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी दिलेले महिना 50 रुपये त्यांनी पसंत केले.

याच माणसाला 1910 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. काम होते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे. बुद्धघोषाने पाचव्या शतकात सिलोनात रचलेला हा पाली ग्रंथ. त्याच्या संपादनाला हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने आयुष्य वाहिले होते. पण 1899 मध्ये तो वारला आणि काम अपुरे राहिले. वॉरनने जग सोडले त्याच साली कोसंबींनी घर सोडावे, हा योगायोग मला नेहमी चटका लावून जातो. ते अपुरे काम तडीस नेण्यासाठी प्राध्यापक लॅनमन यांना पाली जाणणारा माणूस हवा होता. धर्मानंद गेले आणि कामाला लागले.

आणि मग तोच प्रश्न उभा राहिला, जो माझ्या ओसरीवर चहाच्या कपाबरोबर उभा राहिला होता. ग्रंथावर नाव कोणाचे? संपादक कोण आणि मदतनीस कोण? लॅनमन आणि धर्मानंद यांचे या श्रेयावरून पटेना. काम पुरे न होताच धर्मानंद 1912 मध्ये परत आले आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पुढे ते हार्वर्डला पुन्हा पुन्हा गेले आणि ग्रंथाचे काम त्यांनी पुरे केले. त्या दोघांच्या भांडणात इतक्या दुरून न्यायाधीश होण्याचा मला अधिकार नाही. लॅनमननेही त्या ग्रंथमालेसाठी हाडांची काडे केली होती. पण मला अडवणारी गोष्ट निराळी आहे.

ज्या धर्माचा हा ग्रंथ, तो धर्म सांगतो की 'मी' म्हणून काही नाहीच. 'मी'पणाची गाठ सुटणे हीच मुक्ती. मग 'मी' नाही असे सांगणाऱ्या पुस्तकावर 'माझे' नाव असावे, असा आग्रह धर्मानंदांनी का धरावा? हा अहंकार नव्हे का?

पुष्कळ दिवस मला तो अहंकारच वाटत असे. आपल्याकडे निनावी कामाची थोरवी फार. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या, देवळाचे खांब कोणी कोरले, कोणाला ठाऊक आहे? त्या निनावी हातांना आपण नमस्कार करतो, आणि नाव मागणारा माणूस आपल्याला जरा उणा वाटतो.

पण त्या रात्री मनात आले, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो आहोत. त्याग करता येतो तो स्वतःच्या वस्तूचा. स्वतःचे नाव पुसून टाकणे हा त्याग आहे. दुसऱ्याचे नाव पुसून टाकणे आणि वर त्याला त्यागाचा उपदेश करणे, याला आपल्या साध्या भाषेत वेगळा शब्द आहे. धर्मानंद पगार सोडू शकत होते, सुख सोडू शकत होते; 1947 मध्ये सेवाग्रामला अन्न वर्ज्य करून त्यांनी देहही शांतपणे सोडला. ज्याला इतके सोडता आले, त्याला नावाची हाव होती असे म्हणवत नाही. मला वाटते, त्यांना नाव नको होते. खोटी ओळ नको होती.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हार्वर्डच्या ग्रंथमालेत 'विसुद्धिमग्ग' अखेर 1950 मध्ये निघाला. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरनचे नाव आले आणि ते काम तपासून सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबींचे. ज्याने आरंभ केला तो आधी, ज्याने तडीस नेले तो नंतर. हिशेब चोख झाला. पण तोवर वॉरनला जाऊन पन्नास वर्षे झाली होती, लॅनमन 1941 मध्ये गेले होते, आणि धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे लोटली होती. ते नाव पाहून सुखावणारे त्यांच्यापैकी कोणी उरले नव्हते. मग नाव कोणासाठी छापले? वाचणाऱ्यासाठी. हा पाठ कोणी ठरवला, चुकला असेल तर कोणाला विचारायचे, हे त्याला कळावे म्हणून. नाव हे नुसते कौतुक नव्हे, ती जबाबदारीची सही आहे.

आणि त्या मुलीची दुसरी शंका? "इंग्रजी तरी माझी कुठं?" पाली तरी कोणाची होती? आज ती कोणाच्याच घरी बोलली जात नाही. गोव्याच्या माणसाने ती सिलोनात शिकावी आणि अमेरिकेत त्या जोरावर ग्रंथ तपासावा, हे घडले ते मेहनतीमुळे. जिच्यासाठी रात्री जागवल्या ती भाषा आपली.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. धर्मानंद 1899 मध्ये घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि एक तान्ही मुलगी होती. त्यांनी जे सोसले त्याची ओळ कोणत्या मुखपृष्ठावर आहे? हक्काने नाव मागणाऱ्याच्या मागेही एखादे नाव उरतेच. हे लिहिताना मी कोणाला दोष देत नाही. दोष द्यायला मला तोंडच नाही. झोप न येण्याचे खरे कारण तेच होते.

बारा वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी निघाली. तिच्यातली माणसे आपल्या संगमेश्वरी बोलीत बोलतात. पुस्तकाबद्दल जे दोन चांगले शब्द लिहून आले, ते त्या बोलीबद्दल होते. ही बोली मला कोणी दिली? शाळेत मुलांसाठी खिचडी रांधणाऱ्या एका बाईंनी. मधल्या सुट्टीनंतर मी चुलीपाशी वही घेऊन बसत असे. लावणीच्या कामाचे शब्द, पावसाचे प्रकार, भांडणात वाक्य कुठे तोडायचे आणि मायेत कुठे लांबवायचे, हे सारे त्यांनी भांडी घासता घासता मला शिकवले. दोन वह्या भरल्या. मी वाक्य चुकीचे लिहिले तर त्या खो खो हसत आणि दुरुस्त करीत. परदेशच्या विद्यापीठात ज्याला भाषा-सहाय्यक म्हणतात, त्याचे काम याहून निराळे काय असते?

प्रस्तावनेत मी प्रकाशकांचे आभार मानले, मुद्रितशोधकांचे मानले, पत्नीचे मानले; आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात साहाय्यकांचे' मानले. किती सोयीचा शब्द आहे हा! त्या बाई अज्ञात मुळीच नव्हत्या. रोज मला दिसत होत्या. आणि त्या मुलीला मी ऐटीत सांगितले होते, नाव कुणाचे का होईना! दुसऱ्याच्या खिशातले पैसे काढून मी दानशूर झालो होतो.

कादंबरीची दुसरी आवृत्ती यंदा निघायची आहे. गौरीगणपती आटोपल्यावर मी त्या बाईंच्या घरी गेलो. आता त्या शाळेत नसतात, गुडघे दुखतात. पडवीत बसून कुळीथ निवडीत होत्या. मी अडखळत सांगितले की पुस्तकात तुमचे नाव घालायचे आहे, ते पूर्वीच घालायला हवे होते. मला वाटले, 'नको हो' म्हणतील, किंवा डोळ्यांना पदर लावतील. कादंबरीकाराची कल्पना तेवढीच धावते. त्यांनी सूप खाली ठेवले आणि विचारले,

"कंचं नाव घालनार, गुरजी? म्हायेरचं का सासरचं?"

मी निरुत्तर झालो. माहेरचे नाव मला ठाऊकच नव्हते. वर्षानुवर्षे मी त्यांना 'काकी' म्हणत आलो होतो.

"म्हायेरचं घाला," त्या म्हणाल्या. "ती बोली माज्या आवशीची. तिच्याकडनं मी शिकली. तिचं बी नाव घाला. आनि पेपरात नको, पुस्तकातच घाला."

म्हणून ती नावे मी या लेखात लिहीत नाही. त्यांची जागा त्यांनीच ठरवली आहे.

परत येताना मला वाटले, नाव मागताना ज्याला आपल्या मागचे नाव आठवते, त्याच्या मागण्यात अहंकार कुठला? अहंकार साखळी तोडतो. या बाईंनी तर एक कडी आणखी जोडली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पत्र लिहिले. माझे पहिले उत्तर चुकले होते, ते मागे घेतो, असे आधी लिहिले. पुढे लिहिले, 'दुसऱ्याच्या वर्गात मदतनीस म्हणून गेलीस, तर ते काम मन लावून कर. त्यात कमीपणा नाही. पण तुझे असेल ते दुसऱ्याच्या नावावर लिहिले जात असेल, तर शांतपणे आणि न भांडता सांग, की हे मी केले. आणि उद्या तू मुख्य खुर्चीवर बसशील, तेव्हा शेजारच्या खुर्चीकडे पाहायला विसरू नकोस. पहिल्या सल्ल्यापेक्षा हा दुसरा अवघड आहे. मला बारा वर्षे लागली.'

आश्विनात तिचे उत्तर आले. पहिल्या तासाला मुलांना तिचे नावच उच्चारता येईना. कोणी मधले अक्षर गिळी, कोणी शेवटचे लांबवी. एकाने सुचवले, आम्ही तुला सोप्या नावाने हाक मारली तर चालेल का? क्षणभर ती 'चालेल' म्हणणार होती. मग तिला माझे पत्र आठवले. तिने फळ्यावर आपले पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाली, उच्चाराचा तास आहे ना, मग इथूनच सुरुवात करू. मागे बसलेले प्राध्यापकही सर्वांबरोबर ते नाव म्हणून पाहत होते. 'त्यांना शेवटपर्यंत नीट आलं नाही, सर,' तिने लिहिले आहे, 'पण पुढच्या आठवड्यात पुन्हा करून बघणार आहेत.'

दिवाळीचा फराळ घरात तळला जातो आहे, आणि माझ्या टेबलावर दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते आली आहेत. 'ज्ञात-अज्ञात' हे शब्द मी काढून टाकले आहेत. त्यांच्या जागी दोन नावे आहेत, एक लेकीचे आणि एक आईचे. पुस्तकात इतरत्र चूक राहिली तर राहो. त्या दोन ओळी मात्र मी तीनदा तपासल्या आहेत.