चोराचे नाव

मनुष्य आयुष्यात हजारो कृत्ये करतो. परंतु त्यांपैकी एकाच कृत्यावरून त्याचे कायमचे नामकरण करण्याचा अधिकार समाजाला कोणी दिला, हा प्रश्न गेले काही दिवस माझी पाठ सोडीत नाही. निमित्त साधे आहे. चोरीच्या अपराधाबद्दल स्कॉटलंडातून ऑस्ट्रेलियात धाडलेल्या एका कैद्याचा त्याच्या वंशजांनी कसा माग काढला, याची हकीकत वाचनात आली. न्यायालयाचे दप्तर, गलबतावरील याद्या, सुटकेचा परवाना, चर्चमधील विवाहाची नोंद, असा एकेक कागद जुळवून ही मंडळी आपल्या पूर्वजाचे चरित्र उभे करतात आणि नातवंडांना कौतुकाने सांगतात. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटन व आयर्लंड येथून सुमारे १,६२,००० कैदी त्या खंडात नेण्यात आले. असा पूर्वज असणे हा तेथेही एके काळी घराण्यावरचा डाग समजला जाई. आज तो शोधून काढण्यात भूषण वाटते.

मात्र हे भूषण फार उशिरा आले. एडिंबरो येथील कॅल्टन टेकडीवरील जुन्या दफनभूमीत एक उंच स्मारकस्तंभ आहे. टॉमस म्यूर आदी पाच सुधारणावाद्यांना राजद्रोहाबद्दल ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले, त्यांच्या स्मरणार्थ १८४४ साली त्याची कोनशिला बसविली. त्याच समुद्रावरून, तशाच बेड्या घालून, कापडाचा तागा किंवा मेंढरू चोरणारेही गेले; त्यांच्यासाठी तेव्हा कोणी दगड उभारला नाही.

आमच्या डोंबिवलीहून मुंबईकडे जाताना ठाणे लागते. तेथील तुरुंग हा मूळचा पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला व १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. कल्याणच्या शाळेत शिकलेले वासुदेव बळवंत फडके एडनला रवाना होण्यापूर्वी याच तुरुंगात होते. अंदमानास जाण्यापूर्वी सावरकरही काही काळ येथे होते. या दोन नावांपुढे आपण हात जोडतो आणि ते योग्यच आहे. परंतु काळ्या पाण्यावर गेले ते काय हे दोघेच? १८१५ ते १८३७ या काळात बंगाल व मुंबई या इलाख्यांतून सुमारे १,५०० कैदी एकट्या मॉरिशस बेटावर धाडण्यात आले. त्यांत चोर होते, दरोडेखोर होते, खुनीही होते. त्यांनी त्या बेटावरचे रस्ते बांधले. १८३६ साली डार्विन तेथे उतरला तेव्हा पोर्ट लुई येथे हे हिंदी कैदी त्याच्या दृष्टीस पडले. त्यांची स्वच्छता, शांत वर्तन व धर्माचारातील निष्ठा पाहून, ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या गोऱ्या कैद्यांच्या पंक्तीस त्यांना बसविणे त्याला जड गेले. प्रवाशाला दोन-चार दिवसांत जे दिसले ते त्यांच्याच देशबांधवांना दोनशे वर्षांत दिसू नये, हे विलक्षण आहे.

मॉरिशसमध्ये आजही मराठी कुळे आहेत. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आपल्या पूर्वजांची आठवण ती जपतात. ते मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशात गणला गेला. त्या मजुरांच्या आधी जाऊन ज्यांनी वाट तयार केली त्यांना मात्र कोणी आपला आजोबा म्हणत नाही. सिंगापुरातही तेच. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या हातचे. चुन्यात अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, साखर आणि काथ्या भिजविलेले पाणी घालून केलेला त्याच्या भिंतींचा गिलावा मोठा नावाजला गेला. पंधरा-पंधरा वर्षे गवंडीकाम करणाऱ्यास आपण गवंडी म्हणत नाही; एका रात्री घर फोडणारा मात्र जन्मभर चोर!

येथे कोणी म्हणेल की, प्राध्यापकमहाशय, ज्याचा एकुलता एक बैल चोरीस गेला त्याला जाऊन हे तत्त्वज्ञान सांगा. आक्षेप खरा आहे. चोरीने दुबळ्याचेच घर आधी बुडते. शिवाय देशभक्ताने दुःख जाणूनबुजून पत्करले, चोराने ते टाळण्याची पराकाष्ठा केली. तेव्हा दोघांना एकाच पूजेत बसविणे हा निव्वळ भाबडेपणा होईल. पण पूजा निराळी आणि हिशेब निराळा. चोरीची किंमत न्यायाधीशाने ठरविली, ती त्या माणसाने देहाने भरली. तरी खात्यावरची बाकी आपण पुसत नाही. आणि नाव ठेवणारा नेहमी निःपक्षपाती असतो असेही नाही. फडक्यांवरील खटल्यात दरोड्याचेही आरोप होतेच. पुढे देशाने त्यांच्यावरचा तो शिक्का पुसला. त्यांच्या बरोबरीने रानावनात फिरलेल्या रामोशांवरचा पुसावयास आपणांस तितकी घाई झाली नाही. १८७१ च्या कायद्याने तर सबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय करून ठेविली. म्हणजे चोरी व्हावयाच्या आधीच चोर तयार! तो कायदा १९५२ साली गेला. काळ्या पाण्याची शिक्षाही १९५५ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेली. परंतु बोलण्याची सवय कायद्याने जात नाही.

हे सारे मी इतरांस उद्देशून लिहीत होतो, आणि लिहिता लिहिता आमच्याच घरातील एक गोष्ट आठवली. कोकणात आजोबांकडे एक गडी होता. रहाटावरून पाणी काढून तो बाग शिंपीत असे. सोळा-सतरा वर्षे त्याने ते काम केले. एका पावसाळ्यात देवघरातील तांब्या त्याच्या खोपटात सापडला आणि त्याला त्याच दिवशी काढून टाकले. त्यानंतर आमच्या घरात त्याचा उल्लेख 'तांब्याचोर' एवढाच. आम्ही मुलेही तसेच म्हणत असू व हसत असू.

परवा आत्याला त्याचे खरे नाव विचारले. ती आता ऐंशी उलटून गेली आहे. "अरे, तो तांब्याचोर होय!" एवढे ती लगेच म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसली. वहाळाला पाणी आले की तो तिला खांद्यावर घेऊन शाळेपर्यंत पोचवीत असे, हे तिला आठवले. तो चालताना डोक्यावर इरले धरून काय गुणगुणे तेही आठवले. त्याच्या घरी तेव्हा कोणी आजारी होते, असेही ती म्हणाली. नाव काही आठवले नाही. गावी त्याचे कोणी नातेवाईक असतील तर दिवाळीत जाईन तेव्हा विचारून ये, असे तिनेच मला बजावले आहे.