उष्टा हात

माझा उजवा हात कृतघ्न आहे, असं अलीकडे माझं मत झालं आहे. डाव्याबद्दल तक्रार नाही. तो बिचारा खिशातून पाकीट काढण्यापुरता.

प्रसंग साधाच. धाकट्या मेहुण्याला बढती मिळाली आणि तो आम्हा सगळ्यांना जालना रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेला. छत्रपती संभाजीनगरातला जालना रोड. सासरेबुवांच्या तोंडी गावाचं नाव अजून औरंगाबादच येतं. हिरवळ, कारंजं, झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेले दिवे, आणि कोपऱ्यात हातभर उंच चौथऱ्यावर पेटी घेऊन बसलेला एक गवई, शेजारी तबलजी. मेन्यूकार्डात मसाला पापडाची किंमत होती. या दोघांची नव्हती.

मला गाण्यातलं कळतं असा आमच्या घरात एक गैरसमज आहे. तो मीच पसरवलेला. म्हणून मी ऐटीत कागदी रुमालावर फर्माईश लिहिली : सिराज औरंगाबादीची कुठलीही गझल. अठराव्या शतकातला हा शायर याच गावचा. इथे बसून सिराज मागायचा म्हणजे नागपुरात संत्रं मागण्यासारखं. वेटर चिठ्ठी घेऊन गेला. गवयाने ती वाचली, सगळ्या टेबलांवरून नजर फिरवून मला शोधून काढलं आणि छातीवर हात ठेवून किंचित वाकला. त्याच क्षणी आमचं व्हेज कोल्हापुरी आलं.

पुढची दहा मिनिटं तो माझ्याकडे बघून गात होता. अख्ख्या हिरवळीवर गाणं मागणारा एकच माणूस सापडल्यावर त्याने बघावं तरी कुणाकडे? मी घास उचलावा आणि त्याने नेमके डोळे उघडावेत. चावणं थांबवावं तर घास गालात. चावत राहावं तर माझ्या दाढांची लय आणि तबल्याची लय यांचं जमेना. "जेवा हो, नानचं कातडं होतंय," ही म्हणाली. अखेर गझल संपली. आता टाळी द्यायला हवी. पण उजव्या हाताची पाचही बोटं रश्शात! काट्याचमच्याने जेवणाऱ्यांचं बरं असतं, चमचा ठेवला की हात मोकळे. उष्ट्या हाताने कावळा न हाकणाऱ्याला आपण कंजूष म्हणतो. उष्ट्या हातापायी टाळी न देणाऱ्याला काय म्हणायचं? मी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. ती गवयाला ऐकू गेली नाही. वेटरला गेली. त्याने पाणी आणलं.

"दाजी, एवढं काय मनाला लावून घेता? त्याला हॉटेलवाला पैसे देतो," मेहुणा म्हणाला. तो मार्केटिंगमध्ये आहे. १९८६ साली मिलिमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने म्हणे एका रेस्टॉरंटात मोजून पाहिलं : संगीत संथ असलं की गिऱ्हाईक सरासरी ५६ मिनिटं बसतं, जलद असलं की ४५. शिवाय संथ सुरांत पेयांवरचा खर्च वाढतो. विलंबित ख्यालाचा हा उपयोग आमच्या घराणेदार बुवांना ठाऊक नसावा. पण मिलिमनने लोकांची मिनिटं मोजली, खर्च मोजला. गाणारा समोर बसून आपल्याकडे बघतो आहे, ही भानगड त्याच्या हिशेबात नव्हती.

पैसे मिळाले म्हणजे फिटलं, हे मला काही पटेना. गाण्याचे पैसे मालक देईल. ऐकण्याचं देणं कुणी द्यायचं? एरिक साती नावाच्या फ्रेंच संगीतकाराने १९२० साली पॅरिसमध्ये 'फर्निचर संगीत' वाजवलं. खुर्चीकडे कुणी लक्ष देत नाही, तसं या संगीताकडेही देऊ नये, ही त्याची इच्छा. मध्यंतरात वाद्यं सुरू झाली, तर लोक निमूट जागेवर येऊन ऐकत बसले. "बोला, फिरा, ऐकू नका!" असं साती ओरडत राहिला. बिचारा पॅरिसला कशाला गेला? आमच्या जालना रोडवर त्याला घसा कोरडा करावा लागला नसता.

जवळच, पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. त्याने दरबारातलं संगीत बंद केलं तेव्हा गवयांनी संगीताची तिरडी काढली आणि बादशहा म्हणाला की इतकं खोल पुरा की पुन्हा आवाज येऊ नये, ही गोष्ट मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवली आहे. आजचे काही इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. आणि कबर आहे ती चिश्ती सूफींच्या दर्ग्याच्या आवारात, म्हणजे जे गाण्यातून ईश्वर शोधत त्यांच्या शेजारी! पण गोष्ट खरी धरली तरी बादशहाने गाण्याची निदान धास्ती घेतली. आम्ही त्याला मसाला पापडाखाली पुरतो आणि वर कोथिंबीर भुरभुरतो.

आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत श्लोक म्हणत. तेही जेवतानाचं गाणंच. पण म्हणणारा आपल्याच ओळीत बसलेला असे, त्याच्याही पानात जिलबी असे, आणि श्लोक संपला की सगळी पंगत 'हर हर महादेव' म्हणून दाद देई. तोंडाने! हात उष्टा असला तरी अडत नसे.

हे आठवलं तेव्हा जेवण आटोपलं होतं. हात धुवायला आत गेलो. बेसिनजवळ, स्वयंपाकघराच्या दाराशी, एका लहान टेबलावर तोच गवई जेवत होता. वरण, भात, एक पोळी. बाहेर आता स्पीकरवर कसलं तरी रेकॉर्ड लागलं होतं. माझे दोन्ही हात स्वच्छ, पण जेवणाऱ्या माणसापुढे टाळ्या वाजवायच्या कशा?

"सिराज फार छान झाला," मी म्हणालो.

त्याच्या तोंडात घास होता. आदाब करायला त्याने उजवा हात अर्धवट उचलला, बोटांना लागलेलं वरण पाहिलं, तो तसाच हवेत धरला आणि डावा हात छातीशी नेला.

बाहेरून हिची हाक आली. आईस्क्रीम वितळत होतं.