नऊ रुपये आणि बोली

१५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. त्याच्या जरा आधी त्यांनी कफनीच्या खिशातून आधी पाच, मग चार रुपये काढून लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर ठेवले. दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’ने या नऊ रुपयांचे नाते नवविधा भक्तीशी जोडले.

त्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी. सराफ वजन करून एक भाव सांगेल. नाणेसंग्राहक साल, टांकसाळीची खूण आणि झीज पाहून दुसरा सांगेल. पण हेच नाणे बाबांनी दिलेले आहे असे कळले, की दोन्ही आकडे बाजूला पडतात. मग प्रश्न धर्माचा होतो: या तिसऱ्या किमतीवर हक्क कुणाचा?

ऑनलाइन बाजाराकडे याची दोन उत्तरे आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेने आधी लिलाव मांडला. ठरल्या भावात लगेच खरेदी करण्याची सोय नंतर आली. लिलावात किंमत वर चढायला एकाच वस्तूसाठी हटून बसलेली निदान दोन माणसे लागतात, म्हणून तिथला आकडा काहीतरी सिद्ध करतो. ठरल्या भावाच्या जाहिरातीत दिसते ती फक्त विकणाऱ्याची अपेक्षा. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली २०१२ ची पाच-दहा रुपयांची नाणी किंवा ७८६ क्रमांकाच्या नोटा ‘लाखो रुपयांना’ अशा जाहिराती फिरतात. तो भाव कुणी दिला, हे त्या जाहिरातीत लिहिलेले नसते.

म्हणजे लिलावच खरा? वस्तू इतिहासाची असेल, तर हो. श्रद्धेच्या वस्तूला हा न्याय लावताच अडचण येते. हैदराबादजवळच्या बालापूरच्या गणपतीचा लाडू १९९४ मध्ये ४५० रुपयांना गेला होता. २०२४ मध्ये बोली ३० लाखांवर पोचली. गावजत्रांतल्या बोलीसारखाच हा प्रकार. पैसा गावाच्या कामी लागत असल्यामुळे ते दानच, असे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण प्रसादाचा मान शेवटी ज्याच्या थैलीत जास्त, त्यालाच मिळतो. एकाच दरात विकला जाणारा लाडू निदान रांगेतल्या मजुराला आणि कारखानदाराला एकच भाव लावतो.

बाबांची रीत या दोहोंत बसत नाही. ते दक्षिणा मागत. कुणाकडे किती मागायची ते स्वतः ठरवत, कुणाकडे मुळीच मागत नसत. आपल्या गुरूने आपल्याकडे निष्ठा आणि सबुरी या दोन पैशांची दक्षिणा मागितली होती, असे ते सांगत. हाती आलेले पैसे ते वाटून टाकत. लक्ष्मीबाईंना मिळालेले रुपयेही त्यांनी विकत घेतले नव्हते, ना बोली लावून, ना ठरल्या भावात. ते त्यांच्याकडे आले कारण त्या रोज बाबांना भाकरी नेऊन देत. गिऱ्हाईक नाणे घेऊन जाईल. ही भाकरी त्याला कोणता विक्रेता देणार?

म्हणून संग्राहकाने जुना रुपया खुशाल लिलावात घ्यावा, फक्त पैसे चांदीचे आणि इतिहासाचे मोजावेत. ‘बाबांचे नाणे’ म्हणून कुणी आगाऊ शुल्क, कमिशन किंवा कर मागितला, तर तिथेच थांबावे. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारांत आपला काही संबंध नाही आणि आपल्या नावाने असे पैसे मागणारे फसवे आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.