पेस्ट काढण्याआधी

पुणे

चि. भाचेबुवास,

तुझा निरोप मिळाला. दाखले काढून देणाऱ्या तुझ्या केंद्रातलं कॉम्प्युटरचं जुनं मशीन भर दुपारी मधेच बंद पडतं, पंखा सारखा घोंघावतो, आणि कुणीतरी तुला सांगितलंय की प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल, ती खरवडून काढ आणि नवी लाव. निदान बरोबर असू शकतं. खरवडण्याचा सल्ला मात्र मला मान्य नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. आजचा प्रोसेसर उष्णतेने सहसा मरत नाही. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एएमडीचे बरेच ९५ च्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद करतात. तुझं मशीन बंद पडतं ते स्वतःचा जीव वाचवायला. २००० सालच्या सुमाराच्या एएमडी अ‍ॅथलॉनची गोष्ट वेगळी होती. वरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक निघाला की प्रोसेसर क्षणात जळायचा. तो काळ गेला. आता प्रोसेसर जातो तो बहुधा साफ करणाऱ्याच्या हातून. ओढल्याने, खरवडल्याने आणि ओतल्याने. या तीन गोष्टी टाळल्यास तर बाकीचं काम तासाभराचं आहे.

मशीन उघडण्याआधी दोष पेस्टचाच आहे का ते बघ. हीटसिंकचं तापमान खोलीच्या तापमानावर अवलंबून असतं. डिसेंबरात दुकानात २० अंश आणि मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंश असतील, तर त्याच कामाला प्रोसेसरही साधारण २० अंशांनी जास्त तापणार. शिवाय तुझं दुकान दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. वेरूळच्या गाड्यांची धूळ दिवसभर आत येते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमदा बसतो. म्हणून आधी बायोसमध्ये तापमान बघून ठेव, मग मशीन बंद करून, वायर काढून ब्लोअरने धूळ उडव. त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. हवेच्या झोताने पंखा बेफाम फिरला तर बेअरिंग बिघडतं. मग मशीन चालू करून बायोसमध्ये तापमान पुन्हा बघ. धूळ काढून आकडा खाली आला तर पेस्टला हात लावायचं कारणच नाही. पेस्ट दरवर्षी बदलायलाच हवी असा काही नियम नाही. हीटसिंक काढला तर ती बदलावीच लागते, किंवा धूळ काढूनही तापमान उतरत नसेल तर.

ही पेस्ट करते काय, तेही कळलं पाहिजे. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दोन्ही डोळ्याला सपाट दिसतात, पण त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि खाचांत हवा असते. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं ४०० च्या आसपास आणि हवा ०.०२६. पेस्ट या दोघांच्या मधली, बहुतेक एक आकडी किंवा त्याच्या थोडी वर. म्हणजे ती हवेपेक्षा शेकडोपट बरी आणि तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. तिचं काम खाचा भरण्यापुरतंच आहे. जुन्या पेस्टवर नवी थापली की थर जाड होतो आणि फायद्याऐवजी तोटाच होतो. म्हणून जुनी पूर्ण काढायची.

आता तयारी. केंद्रात लोकांच्या दाखल्यांचे अर्ज, फोटो, सह्या साठवलेल्या असतात. त्यांची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेव. मग मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढ, फक्त बटण बंद करून भागत नाही. नंतर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाईल. मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नकोस. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

मराठवाड्याची कोरडी हवा स्थिर विजेला पोषक. आपल्याला तिचा चटका जाणवतो तेव्हा तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढचा असतो, आणि चिप त्याहून कितीतरी कमी झटक्याने बिघडू शकते. सुती कपडे घाल, सतरंजीवर बसू नकोस, कॅबिनेटच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावत राहा. समोर पाण्याचा कूलर चालू असेल तर तो बंद कर, त्याचे तुषार बोर्डावर नकोत.

सगळ्यात जास्त नुकसान हीटसिंक काढताना होतं. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. उघडण्याआधी मशीन पाच-दहा मिनिटं चालव, म्हणजे पेस्ट थोडी मऊ होईल. मग वर सांगितल्याप्रमाणे बंद करून, प्लग काढून कामाला लाग. पंख्याची वायर आधी सोडव. इंटेलच्या स्वतःच्या हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने त्या फिरवून वर उचल. स्क्रू असतील तर तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे सैल कर. त्यानंतर हीटसिंक सरळ वर ओढू नकोस. डावीकडे-उजवीकडे हळूच पिळ, सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचल.

तुझं मशीन एएमडीच्या रायझनचं असेल तर इथे दुप्पट जप. एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात. हीटसिंक हिसकला तर सॉकेटची पकड बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. २०२२ च्या एएम५ पासून एएमडीनेही पिना सॉकेटमध्ये नेल्या. इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये त्या २००४ पासूनच सॉकेटमध्ये आहेत. तिथे प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू दे आणि वरच्या वर पूस. उघड्या सॉकेटमध्ये पेस्ट गेली तर ती काढायला जाऊ नकोस, जाणकाराकडे ने.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, ९९ टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे ‘आयपीए’ म्हणून मिळतं. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बरंचसं पाणी असतं. अगदी अडलं तर तेही चालेल, पण वाळायला जास्त वेळ दे. सॅनिटायझर नको. त्यात ग्लिसरीनसारखी द्रव्यं असतात आणि त्यांचा पातळ थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर प्लॅस्टिक खातात. मोबाइलवाले कधी कधी पेट्रोलने बोर्ड धुतात, ते बघून शिकू नकोस. काचा पुसायचं द्रावण, गंज सोडवायचा स्प्रे, रॉकेल, यांतलं काहीच इथलं नाही.

आयपीएही पेट घेतं. साधारण १२ अंशांनाच त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, मग तुझ्या दुकानातल्या उन्हाळ्याचं काय बोलायचं! शटर पूर्ण वर कर, सकाळची उदबत्ती विझलेली असू दे, जवळ गॅस किंवा विडी नको. हातात मोजे घाल. पेस्टमध्ये सिलिकॉन तेल आणि झिंक ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनासारखी बारीक पूड असते. ती डोळ्यात-तोंडात जाऊ द्यायची नाही. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नकोस.

कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने किंवा कॉफी गाळायच्या कागदाने पेस्टचा जाड भाग आधी टिपून घे. कापूस नको, त्याचे तंतू चिकटून राहतात. मग कापडावर आयपीएचे थेंब घे. बाटली प्रोसेसरवर कधीच उलटी करू नकोस, नाहीतर पेस्ट विरघळून सॉकेटमध्ये उतरते. ओलं कापड मिनिटभर वर ठेव, मग कडेकडून मध्याकडे पुसत ये. मधून बाहेर पुसलंस तर पेस्ट बोर्डावर पसरते. दर वेळी कापडाची कोरी बाजू घे. फारच घट्ट बसली असेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी धरून हलक्या हाताने सरकव. पातं, पेचकस, पॉलिश पेपर यांना मनाई. हीटसिंकचा तळही असाच पूस. कापडावर डाग उमटेनासा झाला की थांब. पाच-दहा मिनिटं वाळू दे आणि पुसलेल्या जागेला बोट लावू नकोस.

लॅपटॉपला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे प्रोसेसरवर झाकण नसतं, सिलिकॉनची उघडी चिप असते. तिच्या कडेचा टवका सहज उडतो आणि शेजारी मोहरीएवढे सुटे भाग असतात. तिथे कार्डसुद्धा नको, फक्त ओलं कापड आणि वेळ. काही गेमिंग लॅपटॉपांत आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी गॅलियमचा द्रव धातू असतो. त्यातून वीज वाहते आणि तो अ‍ॅल्युमिनियम खातो. चकचकीत पाऱ्यासारखं काही दिसलं तर मशीन तसंच सोड आणि जाणकाराला बोलव.

नवी पेस्ट लावण्यात फार शास्त्र नाही. डेस्कटॉपला मटाराच्या दाण्याएवढा ठिपका, लॅपटॉपला ज्वारीच्या दाण्याएवढा. हीटसिंक सरळ ठेव, स्क्रू तिरप्या जोड्यांनी आवळ आणि पंख्याची वायर लावायला विसरू नकोस. मग आधीच्याच वेळेला, मशीन तेवढाच वेळ चालवून बायोसमधला आकडा पुन्हा बघ. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेव. तापमान उतरलं नाही तर दोष पंख्यात किंवा हीटसिंकच्या बसवणीत असेल, पुन्हा पेस्ट थापून तो जाणार नाही.

हे काम सुट्टीच्या दिवशी सकाळी कर. जूनमध्ये जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी रांग लागते, त्या दिवसांत मशीनला फक्त ब्लोअर मार. समोर माणसं ताटकळत असताना कॅबिनेट उघडू नकोस. घाईतला हात जे करतो, ते कुठल्याही पेस्टने भरून निघत नाही.

ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा