आततायीचा वध आणि शाबितीचा भार

स्वतःचा जीव वाचवताना हल्लेखोराचा जीव घेतला तर दोष लागतो का, या प्रश्नाचा खल धर्मशास्त्राने फार पूर्वीपासून केला आहे. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि परस्त्रीला पळवणारा. अंगावर चालून आलेला आततायी गुरू असला तरी त्याला मारण्यात दोष नाही, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. तरीही मनाची टोचणी उरतेच. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन समोरच्यांना आततायी म्हणतो आणि त्यांना मारल्याने पापच लागेल, असेही म्हणतो.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त यातून वाट काढली. ब्राह्मण आततायीला, ठार मारण्याचा हेतू नसताना, केवळ अडवताना मरण आले, तर राजाने दंड करू नये. मारणाऱ्याने हलके प्रायश्चित्त घ्यावे. दंड आणि पाप यांची ही फारकत हे शास्त्रकारांच्या विचारातले सर्वांत मोलाचे पाऊल आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही हेतू बचावाचा आणि बळ गरजेपुरते, याच कसोट्या लावल्या.

न्यायालयापुढची अडचण वेगळी आहे. हेतू मनात असतो आणि प्रसंगाचा दुसरा साक्षीदार बहुधा मेलेला असतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मधला स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. हा अपवाद शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र फिर्यादी पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तर आरोपीने आपले म्हणणे संभवनीय दाखवले तरी पुरते. ही सवलत न्याय्यच आहे. कोयता उगारलेला असताना कोणी वार मोजून मापून करत नाही.

पुरावा बोलतो तो वस्तूंतून. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही, तर त्याच्या कथेवर संशय येतो. उलट, पाठीत बसलेला वार मृत पळत होता का, असा प्रश्न उभा करतो. मुंबईच्या नानावटी खटल्यात बचाव झटापटीतल्या अपघाताचा होता. मृताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता, आणि १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही बाब झटापटीच्या कथेविरुद्ध धरली.

आरोपीने बचाव स्पष्ट मांडला नसला, तरी नोंदीतल्या पुराव्यावरून तो दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मुन्शी राम खटल्यात सांगितले. जिवाचा धोका संपला की हक्कही संपतो. पूर्वनियोजन आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा हेतू नसताना, सद्भावनेने बचाव करणाऱ्याकडून मर्यादा ओलांडली गेली, तर गुन्हा खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा ठरतो आणि शिक्षा कमी होते.